पाटीवरचे नाव आणि दफ्तरातले नाव

अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा हमरस्ता आणि पवई-विहारच्या बाजूने येणारा साकी-विहार रस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या साकीनाक्यावर उभे राहून भोवतालच्या पाट्या वाचल्या, तर मुंबईच्या जुन्या कोटभागात पावलोपावली जाणवणारी एक गोष्ट येथे मुळीच आढळत नाही. ती म्हणजे कोणा इंग्रज गव्हर्नराचे पुसलेले नाव आणि त्या नावाच्या जागी बसवलेले एखाद्या देशभक्ताचे नाव. हॉर्नबी, फ्रिअर, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन या मंडळींची सत्ता या भूमीवरही चालत होतीच, परंतु त्यांच्या नावाने रस्ते बांधावेत एवढे नगरपण या परिसरास त्यांच्या काळी आलेले नव्हते. १५ एप्रिल १९५० रोजी अंधेरी आणि भांडुपपर्यंतची उपनगरे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली, तेव्हा साकीनाक्याचा मुलूख महापालिकेच्या दफ्तरात प्रथम दाखल झाला, आणि तोवर देशातील राजवट बदलून अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे नामांतराचा विषय समजून घ्यावयाचा तर हा नाका सोयीचा आहे. जेथे पुसण्यासारखे काही नव्हते तेथे नावे कशी पडली आणि कशी टिकली हे आधी पाहिले, म्हणजे जेथे पुसावे लागले तेथील बऱ्यावाईटाचा निवाडा अधिक न्याय्य रीतीने करता येतो.

साष्टी बेटावरील सत्तांतरांची यादी लहान नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहान्वये हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी जिंकून घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा अंमल कायम झाला. या दोन-अडीच शतकांत किल्ल्यांवरील निशाणे बदलली, महसूल वसूल करणारे अंमलदार बदलले, वसुलीची भाषाही बदलली. पण साकी, मोहिली, तुंगवे, चांदिवली, असल्फे, मरोळ ही गावे आपापल्या नावांनिशी आजवर आलेली आहेत. आजही या भागातील मिळकतीचा दस्तऐवज उघडला, तर इमारतीचे झकपक नाव आणि रस्त्याचे नाव यांच्यानंतर ‘मौजे साकी, तालुका कुर्ला’ अशी नोंद सापडते. ज्या जमिनीवर भातखाचरांच्या जागी कारखाने आणि कारखान्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, त्या जमिनीचा पत्ता महसूल खात्याच्या लेखी अजून गावाच्याच नावाने लिहिला जातो. एकच सरकार, पण त्याच्या दोन दफ्तरांचा स्वभाव निराळा: महापालिकेचे दफ्तर सन्मान करण्यासाठी नाव देते, तर महसुलाचे दफ्तर सरहद्द ओळखण्यासाठी नाव राखते. नामांतराच्या प्रश्नावर आपल्याकडे जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी या दोन हेतूंची गल्लत असते असे माझे मत आहे, आणि या प्रकरणात ते उदाहरणांनी तपासून पाहावयाचे आहे.

इंग्रजांनी मुंबई शहरात नावे कशी दिली, हे कळण्यास सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराने १९१७ साली प्रसिद्ध केलेले मुंबईतील स्थलनामांचे आणि मार्गनामांचे पुस्तक अद्यापही उपयोगी पडते. त्या काळच्या मुंबईत दोन परंपरा शेजारी-शेजारी नांदत होत्या. एक होती सत्तेची. गव्हर्नर आला, गेला, आणि जाताना एखादा रस्ता मागे ठेवून गेला. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या नावाचा हॉर्नबी रोड, मेडोजच्या नावाचा मेडोज स्ट्रीट, सर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा ग्रँट रोड, लॉर्ड फॉकलंडच्या नावाचा फॉकलंड रोड, सर बार्टल फ्रिअरच्या नावाचा फ्रिअर रोड, लॉर्ड सँडहर्स्टच्या नावाचा सँडहर्स्ट रोड, लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाचा लॅमिंग्टन रोड, अशी ही मालिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत अखंड चालली. दुसरी परंपरा लोकांची होती. गवळी ज्या तळ्यावर गुरे धूत ते गवालिया टँक, तुळशी तलावाचे पाणी आणणारा नळ ज्या रस्त्याने गेला तो तुळशी पाइप रोड, घोडबंदरापर्यंत जाणारा घोडबंदर रोड, आग्र्याच्या वाटेला लागणारा आग्रा रोड. या नावांसाठी कोणतीही सनद निघाली नव्हती, कोणत्याही समारंभात पडदा सारला गेला नव्हता. साकी-विहार रस्ता हा याच दुसऱ्या कुळातला आहे. १८६० साली पुऱ्या झालेल्या विहार तलावातून मुंबईस नळाचे पहिले पाणी मिळाले. त्या तलावाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला साकी, दुसऱ्या टोकाला विहार, आणि नावात ही दोन्ही टोके.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर शहराच्या पाट्या बदलणे हे अपरिहार्य होते, आणि ते योग्यही होते, हे प्रथम निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. जो माणूस परक्या सत्तेचा प्रतिनिधी म्हणून पाचसहा वर्षांकरिता आला, त्याचे नाव स्वतंत्र देशाच्या नागरिकाने रोज आपल्या पत्त्यात लिहीत राहावे, यात इतिहासप्रेम नसून केवळ सवय असते. १८८८ च्या महापालिका कायद्यातच रस्त्यांस नाव देण्याचा अधिकार महापालिकेच्या संमतीने वापरण्याची तरतूद होती. म्हणजे ज्या कायद्याखाली सँडहर्स्ट, लॅमिंग्टन यांसारख्या शेवटच्या काही गव्हर्नरांची नावे लागली, त्याच कायद्याखाली ती उतरविली गेली. हॉर्नबी रोड डॉ. दादाभाई नौरोजी रोड झाला. एस्प्लनेड रोडला महात्मा गांधींचे, मेडोज स्ट्रीटला नगीनदास मास्तर यांचे, क्वीन्स रोडला महर्षी कर्व्यांचे, वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई यांचे, सँडहर्स्ट रोडला सरदार वल्लभभाई पटेल यांचे, लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे, कॅडेल रोडला स्वातंत्र्यवीर सावरकर यांचे नाव मिळाले. काही नावे लगेच बदलली, काहींना पुढची दोन-तीन दशके लागली.

या साऱ्या नामांतरांत मला सर्वांत उदार वाटते ते एल्फिन्स्टन सर्कलचे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे नाव असलेल्या त्या वर्तुळाकार चौकाला, टाउन हॉलच्या समोर, ऐन कोटाच्या मध्यभागी, स्वतंत्र भारतात नाव दिले गेले ते बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे, म्हणजे एका इंग्रजाचेच! हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. १९१९ साली पंजाबातील अत्याचारांविरुद्ध त्यांनी लेखणी चालविली म्हणून मुंबई सरकारने त्यांस हद्दपार करून इंग्लंडला पाठविले. पुढे ते परत आले आणि हिंदी स्वातंत्र्याच्या बाजूनेच अखेरपर्यंत उभे राहिले. त्यांच्या नावाचा हा चौक म्हणजे नामांतरामागे वंशद्वेष नव्हता, तर न्यायबुद्धी होती, याचा दगडी पुरावा आहे. राजवट बदलल्यावर जुन्या राज्यकर्त्यांच्या वंशाचे ते सारे त्याज्य, अशी भूमिका त्या पिढीने घेतली नाही, ही गोष्ट आजच्या पिढीने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

कोणती नवी नावे रुजली आणि कोणती पाटीवरच राहिली, याचा विचार करू लागले की एक सूत्र हाती येते. फ्रिअर रोड हा गोदीच्या कडेने जाणारा रस्ता. त्यास नाव दिले गेले ते गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांचे, आणि आज ‘पी. डिमेलो रोड’ हेच नाव मालवाहू गाड्यांच्या चालकांपासून कस्टमच्या कारकुनांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. डिलाईल रोड हा गिरणगावचा कणा. त्यास नाव मिळाले ते नारायण मल्हार जोशी यांचे, ज्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि ज्यांचा १९२० च्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत मोठा वाटा होता. फॉकलंड रोड हा पिला हाऊसच्या परिसरातला, तमाशाच्या थिएटरांचा रस्ता. त्यास शाहीर पठ्ठे बापूराव यांचे नाव दिले गेले. एका लॉर्डाच्या जागी एका तमाशगिराचे नाव यावे, यात जी सामाजिक उलथापालथ सामावलेली आहे, ती कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी आहे. गिरगाव रोडला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे नाव मिळाले. नाना गिरगावातच राहत असत. परळ-दादरमधून जाणाऱ्या व्हिन्सेंट रोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि परळच्या चाळीतील खोलीपासून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’पर्यंत बाबासाहेबांचे मुंबईतील वास्तव्य याच रस्त्याच्या आसपास घडलेले आहे. ज्या मातीवर ज्याने श्रम केले, त्या मातीवर त्याचे नाव ठेवले गेले की ते नाव सरकारी हुकुमाचे राहत नाही.

हुतात्मा चौकाची कथा या सूत्राची सर्वांत प्रखर साक्ष आहे. फ्लोरा फाउंटन हे १८६४ साली उभे राहिलेले कारंजे आणि त्याभोवतीचा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर या परिसरात गोळीबार झाला. लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले आणि १९६१ साली त्याच चौकात हुतात्मा स्मारक उभे राहिले. येथे बदललेली राजवट इंग्रजांची नव्हती, ती द्वैभाषिक मुंबई राज्याची होती. तरीही नाव बदलले, आणि ते मराठी माणसाच्या हृदयात असे ठसले की कारंजे जागच्या जागी असूनही चौक हुतात्म्यांचा झाला. घटना आणि जागा एक असल्या म्हणजे पाटीला लोकांच्या जिभेशी झगडावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. तेथून हाकेच्या अंतरावर प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा होता. अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. लोकांनी राजपुत्राकडे लक्ष दिले नाही. त्यांनी घोड्याचा रंग पाहिला आणि जागेला ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ साली तो पुतळा राजपुत्रासह भायखळ्याच्या उद्यानात हलविला गेला. नाव मात्र तसेच राहिले, पुतळा नसताना अर्धशतकाहून अधिक काळ राहिले, इतके की २०१७ साली त्या जागी स्वारावाचून एकटा काळा घोडा नव्याने बसवावा लागला. साकीनाका या नावाची जात हीच. ज्या चौकीवरून असली नावे पडतात तशी चौकी आज तेथे शोधून सापडणार नाही, तरी रिक्षावाला, बसचा वाहक आणि मेट्रोची सूचना देणारा आवाज हे तिघेही एकच नाव उच्चारतात.

आता दोषाकडे वळले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर नामांतराच्या उत्साहात केवळ सत्तेची नावे उतरली नाहीत. त्यांच्याबरोबर लोकांची नावेही उतरली, आणि ही चूक माझ्या मते गंभीर आहे. वांद्र्याहून दहिसरकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडमध्ये कोणता परका सत्ताधीश होता? खाडीवरच्या एका बंदराची वाट एवढाच त्या नावाचा अर्थ होता. तो स्वामी विवेकानंद रोड झाला. शीवपासून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा ठाण्याकडे जाणारा आग्रा रोड हा तर उत्तर हिंदुस्थानशी मुंबईला जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाचा आरंभ. तो लालबहादूर शास्त्री मार्ग झाला. विवेकानंद आणि शास्त्रीजी या दोघांविषयी मनात आदरच आहे, आणि आदर आहे म्हणूनच हे म्हणणे भाग आहे की त्यांच्या सन्मानासाठी दिशा दाखविणारे नाव खर्ची घालण्याची गरज नव्हती. ठाण्यात तोच घोडबंदर रस्ता आजही घोडबंदर रस्ताच आहे आणि नाशिकात मुंबई-आग्रा रस्ता आजही आग्र्याचाच आहे. एका अखंड मार्गाचे भान मधल्या तुकड्यावर तेवढे तुटले. गवालिया टँकचे मात्र निराळे: ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथून ‘चले जाव’ची जी हाक दिली गेली तिच्या तोलाचे दुसरे कोणतेही नाव त्या मैदानाला शोभले नसते, म्हणून ‘ऑगस्ट क्रांती मैदान’ हा बदल लोकनामावर झाला असूनही मला मान्य आहे.

दिशा दाखविणारे नाव खर्ची घालण्याचा नेमका हाच अनुभव मॉस्कोमध्ये रशियन लोकांनी घेतला. त्वेर शहराकडे जाणारा म्हणून शतकानुशतके त्वेर्स्काया म्हटल्या गेलेल्या रस्त्याला १९३२ साली मॅक्झिम गॉर्की या लेखकाचे नाव दिले गेले. गॉर्की थोर लेखक होता याविषयी वाद नव्हता. पण १९९० साली, सोव्हिएत राजवट कोसळण्याच्या उंबरठ्यावर, तो रस्ता पुन्हा त्वेर्स्काया झाला. पॅरिसच्या एका चौकाची दैना याहून मोठी: पंधराव्या लुईचे नाव असलेला चौक १७९२ मध्ये क्रांतीचा झाला, १७९५ मध्ये सलोख्याचा झाला, राजेशाही परतल्यावर पुन्हा लुईंचा झाला आणि १८३० च्या क्रांतीनंतर पुन्हा सलोख्याचा. जेथे प्रत्येक राजवट आपले नाव लावते तेथे पुढची राजवट ते उतरवते.

आपल्या मराठी परंपरेकडे पाहिले तर पुण्याचे उदाहरण दोन्ही रीती दाखविते. पेशवाईत मुर्तजाबादची शनिवार पेठ झाली, मलकापूरची रविवार पेठ झाली. म्हणजे निजामशाही-मोगलाई वळणाची नावे जाऊन त्यांच्या जागी कोणा मराठा सरदाराचे नाव न येता आठवड्याचे वार आले. वार कोणत्याही राजवटीचा नसतो, आणि म्हणून इंग्रजांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंमलातही त्या पेठांना धक्का लागला नाही. अर्थात त्याच काळात सदाशिव पेठ आणि नारायण पेठ या पेशवे घराण्यातील नावांवरूनही वसविल्या गेल्या, तेव्हा पेशवे या बाबतीत सर्वथा निर्लेप होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. गोव्यात मुक्तीनंतर पणजीच्या एका प्रमुख रस्त्याला ‘अठरा जून मार्ग’ असे नाव मिळाले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावी जो नागरी हक्कांचा सत्याग्रह सुरू केला, त्याची ती तारीख. व्यक्तीऐवजी तिथीला मान देण्याची ही कल्पना चांगली आहे.

नव्या नावांच्या वाट्याला आणखी एक दुर्दैव आले, त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. ज्या पुरुषाचे स्मरण रोज व्हावे म्हणून त्याचे नाव रस्त्याला दिले, ते नाव चार-पाच वर्षांत आद्याक्षरांत आक्रसते. डॉ. दादाभाई नौरोजी डी. एन. होतात, जगन्नाथ शंकरशेट जे. एस. एस. होतात, सरदार पटेल एस. व्ही. पी. आणि शास्त्रीजी एल. बी. एस. होतात. साकीनाक्याच्या रस्त्यावरही हेच घडले आहे: अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या अंधेरीकडील भागाचे कागदोपत्री नाव सर मथुरादास वसनजी मार्ग असे आहे, पण कारखान्यांच्या नि दुकानांच्या छापील पत्त्यांत ते ‘एम. व्ही. रोड’ एवढेच उरते, आणि बोलताना तर ‘अंधेरी-कुर्ला रोड’ हेच. दादाभाईंच्या बाबतीत तर हानी अधिक जिव्हारी लागणारी आहे. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला हा पितामह आयुष्याच्या संध्याकाळी वेसाव्यास येऊन राहिला होता. त्याच वेसाव्याच्या शेजारी त्याच्या नावाचे नगर वसले, त्या नगरात मेट्रोचे स्थानक झाले, आणि स्थानकावर लिहिले आहे ‘डी. एन. नगर’. एका अक्षरापुढे टिंब देऊन ज्याचे नाव लिहिले जाते, त्याच्याविषयी मुलाच्या मनात प्रश्नच उठत नाही. आणि प्रश्न उठला नाही तर स्मारकाचा हेतूच संपला.

८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वेसावे-अंधेरी-घाटकोपर मेट्रोची बारा स्थानके हे या सर्व विषयाचे जणू उघडे दफ्तर आहे. वेसावे, अंधेरी, चकाला, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा, घाटकोपर ही गावांची नावे. ती पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या तिन्ही अंमलांतून उतरलेली. डी. एन. नगर आणि आझाद नगर ही स्वातंत्र्याच्या युगाची नावे. चकाल्याच्या जोडीला असलेले जे. बी. नगरही जमनालाल बजाज यांच्या नावाचे, म्हणजे त्याच युगाचे. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि एअरपोर्ट रोड ही नियोजनाच्या काळाची, इंग्रजी वळणाची पण कोणत्याही इंग्रजाची नसलेली नावे. आणि असल्फ्याच्या पुढचे जागृती नगर हे आणखी एका प्रकारचे, ज्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही.

हा शेवटचा प्रकार साकीनाक्याच्या परिसरात ठायी ठायी दिसतो. स्वातंत्र्यानंतर या भागात कारखाने आले. १९४८ साली पवईची पंचावन्न एकर दलदलीची आणि झाडीची जमीन लार्सन अँड टुब्रोने घेतली, पुढे साकी-विहार रस्त्याच्या दोन्ही अंगांनी आणि खैरानी रोडवर लहानमोठ्या उद्योगांची रीघ लागली, आणि कामाच्या शोधात कोकण, देश, मराठवाडा आणि पुढे उत्तर हिंदुस्थान येथून माणसे येऊन टेकड्यांच्या उतारावर राहू लागली. या वस्त्यांना नावे देण्यास कोणी सरकारी समिती आली नाही. रहिवाशांनी आपल्या वस्तीला स्वतः नाव दिले, आणि ते देताना नव्या युगाचे शब्द निवडले: टिळक नगर, जागृती नगर, आणि चांदिवलीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून हटविलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनातून उभे राहिलेले संघर्ष नगर. ज्यांना घरासाठी खरोखर संघर्ष करावा लागला, त्यांच्या पत्त्यात तो शब्द कायमचा दाखल झाला. राजवट बदलल्याची याहून प्रामाणिक नोंद मला कोणत्याही हमरस्त्याच्या पाटीवर दिसलेली नाही, कारण येथे नाव देणारा आणि त्या नावाने राहणारा हे दोन निराळे नाहीत. शेजारचा ‘नव्वद फुटी रस्ता’ मात्र विकास आराखड्यातील रुंदीनेच ओळखला जातो. त्यालाही काही बिघडलेले नाही.

सत्ता बदलूनही इंग्रज गव्हर्नर मुंबईकराच्या तोंडी अजून जिवंत का, याचे उत्तर भावनेत नसून अधिकारक्षेत्रात आहे. रस्ता महापालिकेचा, म्हणून ग्रँट रोड मौलाना शौकत अली रोड झाला आणि सँडहर्स्ट रोड सरदार पटेलांचा झाला. पण स्थानक रेल्वेचे, आणि त्याचे नाव बदलण्यास राज्याच्या प्रस्तावावर केंद्राची मंजुरी लागते. म्हणून पटेलांच्या रस्त्याकडे जाणारा माणूस उतरतो तो सँडहर्स्ट रोड स्थानकातच. तिकिटावर जे छापलेले असते तेच जिभेवर बसते. महापालिकेने शंभर पाट्या लावल्या तरी दररोजच्या लाखो तिकिटांपुढे त्यांचे बळ अपुरे पडते. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि ते नाव तुलनेने लवकर रुळले, त्याचे एक कारण हेच की तेथे तिकीट, फलक आणि उद्घोषणा ही तिन्ही एकाच वेळी बदलली.

यास्तव माझी महापालिकेला आणि शासनाला दोन गोष्टींची विनंती आहे. नव्या नावाच्या खाली, लहान अक्षरांत का होईना, पूर्वीचे नाव आणि बदलाचे वर्ष लिहावे. म्हणजे जुन्या खरेदीखतातील पत्ता, जुन्या पत्रांतील पत्ता आणि आजची जागा यांचा मेळ वाचणाऱ्यास स्वतः घालता येईल. आणि ज्याचे नाव आहे तो कोण होता हे एका ओळीत सांगावे, आद्याक्षरे वापरू नयेत. चौकाचौकांना स्थानिक नगरसेवकाच्या शिफारशीवरून देण्यात येणाऱ्या, पुढच्या गल्लीतही कोणास ठाऊक नसलेल्या नावांबाबत तर हा नियम अधिक कडकपणे पाळला जावा.

गेल्या काही वर्षांत नामांतराची दिशा बदलू लागली आहे, आणि ती मला स्वागतार्ह वाटते. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानक प्रभादेवी झाले. गव्हर्नराच्या जागी कोणी पुढारी आला नाही, त्या परिसराची देवी आली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी काही स्थानकांची नावे बदलण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, त्यात करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, डॉकयार्ड रोडला माझगाव, कॉटन ग्रीनला काळाचौकी, मरीन लाइन्सला मुंबादेवी अशी नावे सुचविली आहेत. करी आणि सँडहर्स्ट यांच्या जागी लालबाग आणि डोंगरी येणे म्हणजे लोकांच्या नावांना त्यांचा हक्क परत मिळणे होय. त्याच यादीत चर्नी रोडचे गिरगाव करण्याचाही प्रस्ताव आहे. गिरगाव हे नाव कोणास प्रिय नाही? तरीही या एका बदलाचा शासनाने पुनर्विचार करावा, असे मला वाटते. कारण चर्नी हा कोणी गव्हर्नर नव्हता, त्या नावाचा संबंध गुरांच्या चराऊ कुरणाशी सांगितला जातो, आणि काँक्रीटखाली गेलेल्या त्या कुरणाची आठवण राखणारे दुसरे काहीही आज त्या जागी उरलेले नाही.